जर्मनीत शिकायला जाताय? भाड्याआधी पत्ता विचारा : खोली, डिपॉझिट आणि नोंदणीची सगळी माहिती

प्रवेशपत्र आलं, बँकेचं कर्ज मंजूर झालं, व्हिसाही हातात पडला. पण राहायचं कुठं, याचं उत्तर अनेक मुलांकडे विमानात बसेपर्यंत नसतं. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ पासून भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथं सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. बेळगाव, गोवा, इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतली मुलंही त्यात आहेत. बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्या देशातले विद्यार्थी एकाच वेळी खोल्या शोधत असतात.

घाईत खोली शोधताना पहिला प्रश्न असतो, भाडं किती? जर्मनीत त्याच्याही आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : या पत्त्यावर सरकारी नोंदणी होईल का? तिथं घर म्हणजे नुसतं छप्पर नाही. राहण्याचा परवाना, कर क्रमांक, बऱ्याचदा बँकेचं खातंही घराच्या पत्त्यावर अवलंबून असतं. स्वस्त खोली मिळाली पण नोंदणी होत नसेल, तर पुढची सगळी कामं अडकतात.

पत्त्याची नोंदणी म्हणजे काय?

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. हा नियम जर्मन नागरिकांनाही लागू आहे, परदेशी विद्यार्थ्यांनाही.

नोंदणीला पासपोर्ट आणि भरलेला अर्ज लागतो. शिवाय घर देणाऱ्याच्या सहीचं एक पत्र लागतं. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. साध्या मराठीत, ‘हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आला’ असा घरमालकाचा दाखला. भाडेकराराची प्रत या दाखल्याच्या जागी चालत नाही. हा दाखला देणं घरमालकावर कायद्यानं बंधनकारक आहे.

नोंदणी झाली की तिथल्या तिथे एक प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर :

• काही आठवड्यांत कर क्रमांकाचं पत्र टपालानं घरी येतं. अर्धवेळ नोकरीला तो क्रमांक लागतो.
• परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज करता येतो. विद्यार्थ्याचा पहिला व्हिसा ठराविक मुदतीचा असतो. तो संपण्याआधी हा अर्ज झालाच पाहिजे.
• काही बँका नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय खातं उघडत नाहीत. खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले दरमहाचे पैसे काढायलाही अडचण येते.

मोठ्या शहरांत नागरिक कार्यालयाची वेळ दोन आठवड्यांत मिळतेच असं नाही. म्हणून घर पक्कं होताच ऑनलाइन वेळ घ्यावी आणि ती घेतल्याचा पुरावा जपून ठेवावा.

आणखी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. जर्मनीत इमारतीच्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आणि बेलवर आपलं नाव नसेल तर कर क्रमांकाचं, बँक कार्डाचं, परवान्याच्या भेटीचं पत्र परत जातं. राहायला गेल्याच्या दिवशीच नावाची चिठ्ठी लावून घ्यावी.

गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, ते युरोपीय संघाचे नागरिक ठरतात. त्यांना व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट किंवा राहण्याचा परवाना लागत नाही. पत्त्याची नोंदणी मात्र त्यांनाही चुकत नाही.

राहण्याचे पर्याय कोणते?

विद्यार्थी वसतिगृह. जर्मनीत ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ नावाच्या ५७ संस्था आहेत. विद्यापीठांचे भोजनालय आणि वसतिगृहं त्या चालवतात. बहुतेक शहरांत त्यांच्या खोल्या साधारण २५० ते ४०० युरोत मिळतात, आणि भाड्यात वीज, हीटिंग, इंटरनेट बहुधा धरलेलं असतं. नोंदणीचा प्रश्नच येत नाही. अडचण एकच, जागा कमी. देशात विद्यार्थी २८ लाखांच्या वर, आणि या संस्थांकडच्या जागा दोन लाखांच्या आत. म्युनिकसारख्या शहरात एक-दोन सत्रं थांबावं लागू शकतं. म्हणून प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच अर्ज टाकावा. काही ठिकाणी त्याच्याही आधी अर्ज घेतात. ‘आधी व्हिसा येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्याचा नंबर मागे जातो.

शेअर फ्लॅट. याला जर्मनीत ‘वे-गे’ म्हणतात. तीन-चार जण एक फ्लॅट घेतात. प्रत्येकाची वेगळी खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. ‘वे-गे गेझुख्ट’ हे यासाठीचं तिथलं सर्वांत परिचित संकेतस्थळ. इथं घरमालकापेक्षा आधी राहणारी मुलंच नवा माणूस निवडतात. व्हिडिओ कॉलवर गप्पा मारतात, सवयी विचारतात. तो इंटरव्ह्यूच असतो.

खासगी विद्यार्थी निवास. कंपन्यांनी बांधलेल्या, फर्निचरसह तयार खोल्या. कागदपत्रं सोपी, भाडं महाग.

मधल्या काळासाठीची खोली. एखादा विद्यार्थी इंटर्नशिपला किंवा घरी गेला की आपली खोली दोन-चार महिने दुसऱ्याला देतो. याला ‘त्स्विशेनमीटे’ म्हणतात. पहिल्या सत्रासाठी हा चांगला पर्याय आहे, पण नोंदणी करू देणार का, हे आधी लेखी विचारावं.

घरमालकाच्या स्वतःच्या घरातली खोली. एखाद्या आजी-आजोबांच्या घरात फर्निचरसह खोली मिळते. ती अनेकदा स्वस्त आणि शांत असते. पण अशा खोलीला भाडेकरू कायद्याचं संरक्षण कमी असतं. घरमालक महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नोटीस देऊन त्याच महिन्याच्या अखेरीला खोली रिकामी करून मागू शकतो.

जाहिरात कशी वाचायची?

बेळगावात किंवा इंदुरात ‘वन बीएचके’ म्हटलं की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. जर्मन जाहिरातीत ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे एक बैठकीची खोली आणि एक झोपायची खोली. स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत मोजत नाहीत. आपला वन बीएचके तो तिथला दोन खोल्यांचा.

रिकामं घर म्हणजे तिथं खरोखरच रिकामं. अनेक घरांत ओटा, सिंक, शेगडी नसते. दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर नव्या भाडेकरूला विकतो, आणि त्याची किंमत शेकडो युरो असू शकते. वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यानं फर्निचर असलेली खोलीच बघावी.

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे थंड भाडं, फक्त जागेचं. ‘वार्ममीटे’ म्हणजे गरम भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे खर्च धरलेले असतात. गरम भाड्यातही वीज आणि इंटरनेट असतंच असं नाही, ते विचारूनच घ्यावं.

गरम भाड्यातला खर्चाचा भाग हा अंदाजी असतो. वर्ष संपल्यावर घरमालक खरा हिशेब काढतो. जास्त हीटिंग वापरलं असेल तर वरचे पैसे भरावे लागतात, कमी वापरलं असेल तर परत मिळतात. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत हा हिशेब त्यानं दिला नाही, तर त्याला सहसा वरचे पैसे मागता येत नाहीत.

महिन्याचा हिशेब शहरानुसार

विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम साधारण लाखभर रुपये होते. आकडा मोठा वाटतो, पण शहर कोणतं यावर सगळं अवलंबून आहे.

म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधल्या खोलीचं सरासरी भाडं २०२५ मध्ये ८०० युरोच्या घरात होतं. देशाची सरासरी ५०० च्या आसपास. पूर्वेकडच्या केमनित्झसारख्या शहरात ३०० च्या आसपास खोली मिळते. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण १४५ युरो धरू.

• म्युनिक : ९९२ मधून ८०० भाडं आणि १४५ विमा गेला की उरले ४७ युरो. त्यात महिनाभर जेवणही होत नाही.
• सरासरी शहर : ५०० आणि १४५ गेले की उरले ३४७.
• केमनित्झ : ३०० आणि १४५ गेले की उरले ५४७.

म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम व्हिसासाठी पुरेशी आहे, याचा अर्थ ती प्रत्येक शहरात राहायला पुरेल असा नाही. दोन विद्यापीठांतून प्रवेश मिळाला असेल तर शिक्षणाचा दर्जा बघताना खोलीचं भाडंही त्याच कागदावर मांडावं. मोठ्या शहरात प्रवेश असेल तर वसतिगृह मिळेपर्यंतच्या महिन्यांसाठी वेगळी शिल्लक हवी.

याशिवाय रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा आकार महिन्याला १८.३६ युरो असतो. टीव्ही नसला तरी भरावा लागतो. तो माणशी नसून घरामागे आहे. शेअर फ्लॅटमध्ये एकानं भरला की बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. नोंदणीनंतर प्रत्येकाच्या नावानं पत्र येतं. ते फेकून न देता, आधीच भरणाऱ्या मित्राचा खाते क्रमांक कळवावा.

डिपॉझिटचे नियम

बेंगळुरूला मुलाला ठेवलेल्या पालकांना मोठ्या डिपॉझिटची सवय आहे. सहा महिने, कधी दहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं लागलेलं असतं. जर्मनीत मात्र कायद्यानं मर्यादा घातली आहे. डिपॉझिटला तिथं ‘काउत्सिओन’ म्हणतात.

• डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं. गरम भाड्यावर मोजायचं नाही.
• भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना.
• घरमालकानं ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजाच्या खात्यात ठेवायची. विद्यार्थी वसतिगृहांना व्याज देण्याचं बंधन नाही.

हप्त्यांचा हक्क किती उपयोगी आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. थंड भाडं ४००, गरम भाडं ५००. सगळं डिपॉझिट एकदम दिलं तर पहिल्या महिन्यात ५०० अधिक १,२०० म्हणजे १,७०० युरो लागतील. हप्त्यांनी दिलं तर ५०० अधिक ४००, म्हणजे ९००. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ च मिळतात. एका मार्गानं घरून आणखी पैसे मागवावे लागतात, दुसऱ्या मार्गानं लागत नाहीत.

दलालीबाबतही नियम आहे. जून २०१५ पासून, भाड्याच्या घरासाठी दलाल ज्यानं नेमला त्यानंच दलाली द्यायची. घरमालकाच्या दलालानं विद्यार्थ्याकडे दलाली मागितली तर ती द्यायची नाही.

अर्जाबरोबर काय द्यायचं?

जर्मन घरमालक ‘शुफा’ नावाचा पत अहवाल मागतात. आपल्याकडच्या सिबिलसारखा तो प्रकार. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याचा असा अहवाल नसतो, हे घरमालकांनाही माहीत असतं. त्याऐवजी एकाच पीडीएफमध्ये प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र आणि आपली चार ओळींची ओळख द्यावी. ओळख जर्मनमध्ये लिहिलेली असेल तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. भारतातल्या पालकांचं हमीपत्र अनेक घरमालक मान्य करत नाहीत, कारण तिथून इथं वसुली करणं त्यांना अवघड. त्यावर विसंबून राहू नये.

पासपोर्टची प्रत पहिल्याच ई-मेलमध्ये पाठवू नये. करार ठरल्यावर द्यावी, आणि प्रतीवर ‘फक्त अमुक घराच्या भाड्यासाठी’ असं आडवं लिहून तारीख टाकावी.

फसवणूक कशी ओळखायची?

परदेशात बसून खोली शोधणारा विद्यार्थी फसवणाऱ्यांना सोपा वाटतो. पद्धत ठरलेली असते. महागड्या शहराच्या मध्यभागी सजवलेला फ्लॅट, भाडं निम्मं. घरमालक म्हणतो, मी सध्या परदेशात आहे, घर दाखवायला कुणी नाही. डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवतो. तो फोटो बहुधा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. कधी नामांकित बुकिंग संकेतस्थळासारखी हुबेहूब बनावट लिंक येते आणि ‘पैसे त्यांच्याकडे सुरक्षित राहतील’ असं सांगितलं जातं.

नियम सोपा आहे : घर बघितल्याशिवाय आणि सही केलेला करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. स्वतः जाणं शक्य नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या कुणाला तरी पाठवावं. तेही नसेल तर थेट व्हिडिओ कॉल लावून खिडकी उघडायला सांगावी, खालचा रस्ता, टपालपेटी, बेलवरचं नाव दाखवायला सांगावं. आधी चित्रित केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नये. श्टुडिरेंडेनवेर्कची वसतिगृहं मात्र डिपॉझिट आधी मागतात, ते रीतसर आहे. फक्त खाते क्रमांक संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा फोनवर पडताळावा.

पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नये. पहिल्या तासाभरात आपल्या बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला सांगावं. भारतातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. जर्मन पोलिसांकडेही ऑनलाइन तक्रार देता येते.

आपल्याच माणसाकडे राहताना

अनोळखी माणसापासून सावध राहायचं हे सगळे सांगतात. त्याहून जास्त गुंता आपल्या माणसाकडे होतो. गावाकडचा सीनियर म्हणतो, “ये की माझ्याकडे, दोन-तीन महिने राहा. फक्त पत्ता तेवढा नोंदवू नको, मालकाला कळायला नको.” मुलगा म्हणतो, “दादा, तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही.” दोघांचाही हेतू चांगला असतो, पण नुकसान दोघांचं होऊ शकतं.

मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर दादाचा स्वतःचा करार धोक्यात येतो. आणि नोंदणी नसल्यानं धाकट्याचं परवान्याचं काम थांबतं. तीन महिन्यांनी दुसरी खोली मिळाली नाही तर व्हिसाची मुदत जवळ आलेली असते.

सरळ मार्ग आहे. दादानं मालकाला लेखी कळवून परवानगी घ्यावी. मुख्य भाडेकरूही नोंदणीसाठीचा दाखला देऊ शकतो, कारण पोटभाडेकरूला घर देणारा तोच असतो. एका पानाचा पोटभाडेकरार करावा. भाडं रोख न देता बँकेतून द्यावं, म्हणजे त्याची नोंद राहते. पहिले चार-आठ दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं, तिथं मुक्काम ठोकणं वेगळं.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे पैसे घेऊन नुसता पत्ता देणारे. ‘शंभर-दोनशे युरो द्या, नोंदणी करून देतो’ अशा ऑफर फिरत असतात. प्रत्यक्ष न राहता पत्ता देणं बेकायदा आहे. असा पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंदणी करणारा विद्यार्थीही दंडातून सुटत नाही.

करार आणि ताबा

करार जर्मनमध्ये असतो. समजला नाही तर सही करायची नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला दाखवता येतो. निदान इतक्या गोष्टी बघाव्यात : थंड आणि गरम भाड्याचे वेगळे आकडे, डिपॉझिटची रक्कम, करार मुदतीचा आहे की बेमुदत, मधेच सोडता येतो का, आणि आपण मुख्य भाडेकरू आहोत की पोटभाडेकरू. भाडं दर महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत द्यायचं असतं.

चावी घेताना घराच्या स्थितीचा कागद भरतात. भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, तुटलेलं हँडल, विजेच्या मीटरचा आकडा, किती चाव्या मिळाल्या, सगळं लिहून दोघांनी सही करायची. सोबत फोटो काढून ठेवावेत. दोन वर्षांनी डिपॉझिट परत मागताना हेच फोटो कामाला येतात.

चावीची विशेष काळजी घ्यावी. अनेक इमारतींत एकच चावी मुख्य दाराला आणि खोलीलाही लागते. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागू शकतात, आणि बिल हजारो युरोंवर जातं. म्हणून तिथं बहुतेक लोक ‘हाफ्टप्फ्लिष्ट’ हा दायित्व विमा काढतात. वर्षाला साधारण पन्नास-साठ युरोत तो मिळतो. हरवलेल्या चावीचा खर्च त्यात येतो का, हे घेताना विचारावं.

राहताना काय सांभाळायचं?

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. रविवारी दिवसभर ड्रिल, ठोकाठोकी, मोठा आवाज चालत नाही. कचरा कागद, प्लास्टिक, ओला आणि उरलेला असा वेगळा टाकायचा. शेअर फ्लॅटमध्ये सफाईची पाळी ठरलेली असते. ती चुकवणं हे भांडणाचं सर्वांत मोठं कारण.

हिवाळ्यात खिडक्या बंद करून कुकर लावला, फोडण्या दिल्या, कपडे खोलीतच वाळत घातले की भिंतींना ओल धरते आणि बुरशी येते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, मग बंद करायच्या. बुरशी दिसली तर लगेच मालकाला लेखी कळवायचं. नाहीतर त्याचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाण्याची शक्यता असते.

घर सोडताना

बेमुदत करारात भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती मालकाला मिळाली तर तो महिना धरला जातो. नोटीस कागदावर, हातानं सही करून द्यावी लागते. ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली नोटीस कायद्यानं चालत नाही. डिग्री संपली, नोकरी दुसऱ्या शहरात लागली, आणि नोटीस ई-मेलनं दिली म्हणून जास्तीच्या महिन्यांचं भाडं भरायची वेळ येते.

डिपॉझिट परत मिळायला कायद्यात ठराविक दिवस दिलेले नाहीत. साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि वर्षाचा खर्च-हिशेब बाकी असेल तर मालक थोडी रक्कम त्यासाठी मागे ठेवू शकतो. चावी परत देताना पुन्हा स्थितीचा कागद भरून घ्यावा, आणि आपला नवा पत्ता व बँक खातं लेखी द्यावं. भारतात परतणाऱ्यांनी डिपॉझिट येईपर्यंत जर्मन खातं बंद करू नये. जर्मनी कायमचं सोडताना नागरिक कार्यालयात नोंदणी रद्दही करावी लागते.

अडचण आली तर

बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटना किंवा श्टुडिरेंडेनवेर्ककडे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. मोठ्या शहरांत भाडेकरूंच्या संघटना आहेत. वार्षिक वर्गणी भरून सभासद झालं की त्यांचे वकील करार आणि बिलं तपासून देतात. डिपॉझिट अडकलं असेल तर सभासद होणं परवडतं.

निघण्याआधी ही यादी तपासा

• वसतिगृहाचा अर्ज टाकला का? प्रतीक्षा यादीतला क्रमांक कळला का?
• पहिल्या दोन आठवड्यांसाठी हॉस्टेल किंवा ओळखीच्या घरी सोय आहे का?
• मिळालेल्या खोलीवर नोंदणी होईल, असं लेखी उत्तर आहे का?
• थंड भाडं, गरम भाडं, वीज, इंटरनेट असे वेगळे आकडे माहीत आहेत का?
• डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त तर नाही ना?
• नागरिक कार्यालयाची वेळ घेतली का?
• व्हिसाची शेवटची तारीख घरच्यांच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवली का?

खोली पाचव्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल, विद्यापीठ ट्रामनं चाळीस मिनिटांवर असेल, तरी चालेल. नोंदणीचा दाखला मिळत असेल तर पहिल्या वर्षासाठी ती खोली घ्यावी आणि वसतिगृहाचा नंबर लागेपर्यंत तिथं राहावं. दाखला नसेल तर सुंदर बाल्कनीची स्वस्त खोलीही सोडून द्यावी. आई-बाबांनीही फोनवर ‘भाडं किती?’ विचारण्याआधी ‘पत्ता नोंदवता येणार का?’ हे विचारावं.